फक्त फ्यूज बदल

दाजींच्या गिटारचा आवाज कुठून आला, यावर लोकांनी आजवर जे काही लिहिलंय ते वाचून माझं डोकं फिरतं. एकाने लिहिलं, हा आवाज उपाशी पोटातून आलाय. दाजी आयुष्यात एकदाही उपाशी झोपलेले नाहीत; माझी बहीण झोपू देणार नाही. दुसऱ्याने लिहिलं, लाकडाच्या वखारीत करवतीशेजारी उभं राहून त्यांचा कान तसा तयार झाला. दाजी वखारीत होते हे खरं, पण करवतीवर नव्हे, फळ्यांवर खडूने नंबर टाकायला. खरी गोष्ट तीन माणसांना ठाऊक आहे. त्यातल्या दोघांना ती चौतीस वर्षं ठाऊक होती, आणि मला, ज्याचा धंदाच अॅम्प आणि रेडिओ दुरुस्त करण्याचा, सगळ्यात शेवटी कळली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सांगायला बसलोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूज वाजवतात. ज्यांना हे संगीत माहीत नाही त्यांना मी एवढंच सांगतो: बारा टप्प्यांचं एक चक्र असतं आणि ते फिरत राहतं. पहिल्या चार टप्प्यांत एक तक्रार. पुढच्या चारांत तीच तक्रार, जरा सूर बदलून. शेवटच्या चारांत त्या तक्रारीवर शेरा. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या बहिणीला हे सगळं लग्नाआधीपासून येत होतं, फक्त हातात गिटार नव्हती.

मी बास वाजवतो. चार जाड तारा आणि काम असं की कुणाचं लक्ष जाता कामा नये. बँडचा फोटो छापून आला की त्यात माझा एक खांदा असतो. ते असो.

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं दाजी दिवसा वखारीत आणि संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये असायचे. त्यांचा अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, जुना, तपकिरी लाकडाचा, पुढे जाळीचं कापड आणि मागे उघडा. घरात सगळे त्याला पेटी म्हणत, मीही पेटीच म्हणतो. तेव्हा त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता, इतका की त्यांचा सोलो सुरू झाला की लोक निवांत गप्पा मारायला लागत. एकदा तर एका माणसाने त्यांना थांबवून प्यायला पाणी मागितलं.

मग त्या काळातल्या एका मोठ्या गायिकेला आठ आठवड्यांच्या दौऱ्यासाठी गिटारवाला आणि बासवाला हवा होता. दाजींनी हॉलमध्ये उभ्या उभ्या दोघांच्या वतीने हो सांगून टाकलं आणि मग घरी येऊन ताईला कळवलं. ताईला सातवा महिना होता. ती पिवळ्या लोकरीचं टोपडं विणत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि टाके मोजत राहिली. ताई काहीच बोलत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे ओळखायची अक्कल मला होती. पण त्या दौऱ्यात माझंही नाव होतं, त्यामुळे मी ती अक्कल वापरली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही पेटी उचलली आणि निघालो. पहिल्या कार्यक्रमात दाजींनी पहिली तार ओढली, आणि पेटीतून जे बाहेर पडलं ते मी विसरणार नाही. फाटका, खरखरीत, घसा बसेपर्यंत भांडून आलेल्या माणसासारखा आवाज. मला वाटलं, पेटी मेली. गायिका गाता गाता मागे वळली. दाजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण बोटं थांबली नाहीत. हॉलमध्ये एकही माणूस बोलत नव्हता. गाणं संपल्यावर गायिका त्यांना म्हणाली की उद्यापासून प्रत्येक गाण्यात असंच हवं. तिने त्यांना करवत हे नाव दिलं आणि तेच पुढे सगळीकडे चाललं.

आठ आठवड्यांचे आठ महिने झाले. दाजी घरी परतले तेव्हा माझ्या भाचीला दोन दात आले होते आणि तिने बापाला पाहून भोकाड पसरलं. त्यानंतर दाजी सतत बाहेरच. कुणाच्या ना कुणाच्या मागे उभं राहून वाजवायचं, महिना महिना गावं फिरायची, घरी आलं की चार दिवस झोपायचं. बाहेर जी चार नावाजलेली गाणी ऐकू येतात त्यांत मागे करकरणारी गिटार दाजींची आहे. कव्हरवर त्यांचं नाव मात्र असलंच तर खाली, मुंगीच्या अक्षरात. एकदा रेडिओवर त्यांना विचारलं की हा आवाज कुठून आणलात. दाजी म्हणाले, घरून. सगळे हसले, मीही हसलो.

एक गोष्ट मात्र मला कायम टोचायची. दाजी पेटीला कुणाला हात लावू देत नसत. आतला काचेचा व्हॉल्व्ह गेला तर स्वतः बदलायचे, चटके खात, उलटसुलट बसवत. सख्खा मेहुणा अॅम्प दुरुस्त करतो, गावभरचे वाजवणारे त्याच्या दुकानात रांगा लावतात, आणि हे मात्र पेटीवर चादर टाकून बसणार. मी ते मनाला लावून घेतलं होतं.

तर आता गेल्या वर्षाकडे येतो. दाजी त्रेसष्टचे. बाहेरची बोलावणी आटली होती, शनिवारी एका हॉटेलात वाजवायचे तेवढंच. तेव्हा एक तिशीतली मुलगी घर शोधत आली. तिचा स्टुडिओ होता, एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. भिंती हातभर जाड, बाहेरचा हॉर्नही आत येत नाही. तिने जुन्या रेकॉर्डवरचा तो आवाज ऐकून माणूस हुडकून काढला होता. तिला दाजींच्या स्वतःच्या नावाची रेकॉर्ड करायची होती, कव्हरवर त्यांचं नाव, मोठ्या अक्षरात. अडचण एकच. महिनाअखेरीस कारखाना पाडणार होते, म्हणून त्याआधीचे फक्त तीन दिवस ती देऊ शकत होती.  दाजींनी आत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन हो म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कशासाठी हपापलेलं पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी पाहिलं.

आणि नेमकं रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्याच दिवशी पेटी बंद पडली. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही असं बजावलेलं. नाइलाजाने दाजींनी पेटी माझ्या दुकानात पाठवली, आणि फोन करून सांगितलं, "फक्त फ्यूज बदल. बाकी कशाला हात लावायचा नाही. आत बघायचंसुद्धा नाही."

आता मला सांगा, चौतीस वर्षं ज्याला पेटीजवळ फिरकू दिलं नाही, त्याला असं सांगितलं तर तो काय करेल? फ्यूज दोन मिनिटांत बदलला. मग मी आत बॅटरी मारली. स्पीकरचा जो कागदी शंकू असतो, तो मधल्या गोळ्यापासून खाली बोटभर फाटलेला. कडा जुन्या, काळवंडलेल्या. मला दाजींची कीवच आली. बिचारे आयुष्यभर फाटक्या स्पीकरवर वाजवत होते आणि त्यांना पत्ताच नाही. मी ठरवलं, मेहुण्याकडून भेट. जुना कागद खरवडून काढला, त्याचा भुगा कचऱ्यात टाकला, नवा कागद चिकटवला, वर पेटीला पॉलिशही केलं. असं सुबक काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

पहिल्या दिवशी स्टुडिओत दाजी काळा चष्मा लावून उभे राहिले, तार ओढली, आणि पेटीतून नाचाच्या हॉलमधला तो जुना, धुवून वाळत घातल्यासारखा आवाज आला. ड्रमवाल्याने बुटांकडे पाहिलं. काचेपलीकडे बसलेली मुलगी फार सभ्यपणे हसली. दाजींनी आधी पेटीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

"बोटं गेली माझी," ते म्हणाले.

त्या दिवशी तीन गाणी झाली. तिन्ही ऐकून मुलीने विचारलं, उद्या पुन्हा करूया का. दुसऱ्या दिवशीही तेच. दाजींनी गिटार खोळीत ठेवली आणि तिला सांगितलं की उद्या दुपारपर्यंत बघू, नाहीतर उगाच वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्यांचा आवाज शांत होता. रेकॉर्ड झाली नाही तर ती माझ्यामुळे होणार नव्हती.

मी दुकानात जाऊन एका भंगार स्पीकरवर ब्लेड चालवलं. बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज आला. दुसरा कात्रीने फाडला, तो नुसता खोकला. तिसऱ्यावर रागाने पाय दिला, तो गेलाच. शेवटी शेपूट घालून ताईकडे गेलो आणि स्पीकर बदलल्याचं कबूल केलं. वाटलं, ती माझी सालटी काढेल. पण तिने विणकाम मांडीवर ठेवलं आणि विचारलं की तो फाटका कागद मी टाकून दिला का.

मी हो म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं, की कागद फाटला होता हे मी अजून तिला सांगितलंच नव्हतं. मी नुसतं स्पीकर बदलला म्हणालो होतो.

"मीच फाडला होता," ताई म्हणाली. "ह्याच सुईने. ह्यांना जाता येऊ नये म्हणून. तर हे तीच पेटी घेऊन गेले, आणि मग गेलेच."

तिने ते इतक्या बारीक आवाजात सांगितलं की मला तिच्याकडे बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की नेमकं कुठे आणि कसं. तिला आठवत नव्हतं. रागात केलं होतं, एवढंच आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई स्टुडिओत हजर. दाजींचं वाजवणं ऐकायला ती कधी कुठे गेली नव्हती. घरी ऐकते तेवढं पुष्कळ झालं, म्हणायची. पिशवीत डबा आणि खाली विणकाम. चहाची वेळ झाली तशी मी दाजींना आणि ड्रमवाल्याला अंगणात पिटाळलं आणि दार लोटलं. काचेपलीकडची मुलगी कानाला हेडफोन लावून काहीतरी लिहीत होती. तिला एक खोड होती, मशीन ती कधी बंद करत नसे. ते मला तेव्हा सुचलं नाही.

ताई पेटीमागे गुडघ्यांवर बसली. सुई हातात घेतली, पदराने पुसली, आणि कागदाच्या कडेला अलगद टोचली. डॉक्टरने लहान मुलाला इंजेक्शन द्यावं तशी. मी गिटारची तार छेडून पाहिली. पेटी जरा शिंकली, बस्स. मी म्हणालो, ताई, राग आण. ती म्हणाली, कसला आणू. मी तिला आठवण करून दिली, की दाजी भाचीच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. ती म्हणाली, हो, पण बाहुली आणायचे. मी म्हटलं, तुझ्या पन्नाशीला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. तिला हसू आलं. दाजींनी फोनवर आवाज बदलून सबब सांगितली होती म्हणे. चौतीस वर्षांनी नवऱ्यावर चिडायला बसलेली बाई हसत होती, आणि दाजींनी दिलेली दुपारची मुदत तीन तासांवर आली होती. मी कपाळाला हात लावला.

"इतकं कडेला नको," मागून आवाज आला. "मागच्या वेळी मधून सुरू केलं होतंस, आणि खाली ओढलं होतंस."

दाजी दारात उभे होते, हातात चहाचा कप. ताई वळली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच कार्यक्रमानंतर पेटी उघडली. कागदात लोकरीचा धागा अडकला होता. पिवळा."

"मग बोलला का नाहीत?"

दाजींनी कप खाली ठेवला. काळा चष्मा काढला. दोन्ही डोळे लाल होते, एक ऑपरेशनचा. "बोललो असतो तर का केलंस ते विचारावं लागलं असतं," ते म्हणाले. "ते मला न विचारता कळलं होतं. मग घरी यावं लागलं असतं. मला यायचं नव्हतं."

 ताईने त्यांना लग्नापासून आजवर अहोशिवाय हाक मारली नव्हती.

"अरे," ताई म्हणाली, "चौतीस वर्षं मी मनात कुढत राहिले. कुणी तुझं कौतुक केलं की वाटायचं, मी ह्याची वस्तू मोडली, आणि हा बिचारा त्या मोडक्या वस्तूवर निभावतोय. आणि तू बिचारा नव्हतासच."

तिने हात मागे घेतला आणि सुई घातली. मधून, आरपार, आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. टर्रकन आवाज झाला. सुई वाकली. ताई तिथेच जमिनीवर धापा टाकत बसली, आणि दाजींनी हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

दाजींनी गिटार गळ्यात अडकवली आणि तार ओढली. मी पुष्कळ वर्षं तो आवाज ऐकला होता, पण हा त्याहून उग्र होता. त्यात मधली सगळी वर्षं भर घालून आली होती. तक्रार आली, तीच तक्रार पुन्हा आली, आणि शेरा येईपर्यंत मी धावत जाऊन बास उचलला होता. ड्रमवाला तोंडात बिस्किट घेऊनच बसला. संध्याकाळपर्यंत आठ गाणी झाली. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर दाजींकडे पाठ करून बसून होती. सुई वाकल्यामुळे तिला विणताही येत नव्हतं, त्यामुळे नाइलाजाने तिने सगळी ऐकली.

तुम्ही ती रेकॉर्ड ऐकलीत तर पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी टर्रकन काहीतरी फाटतं. मुलीच्या न थांबणाऱ्या मशीनने ते टिपलं आणि तिने ते तसंच ठेवलं. एका समीक्षकाने त्याला धाडसी प्रयोग म्हटलंय.

नंतर मी दाजींना फैलावर घेतलं. पहिल्या सुराला त्यांना कळलं होतं की कागद मी बदललाय, मग बोटं गेल्याचं नाटक कशाला? ते म्हणाले की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मला विचारलं असतं तर तासाभरात ताईला कळलं असतं, की त्यांना ठाऊक आहे. आणि ते नाटक निम्मंच होतं. त्यांना खरंच वाटलं होतं की संपलं. तो एकच आवाज होता त्यांच्याकडे, आणि तो दुसऱ्याने दिलेला. एवढं बोलून ते माझ्या दुकानातला पंखा बघत बसले. मला त्यांचा राग आला होता, तरी मी चहा मागवला.

ताई महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. 'अरे' मात्र तिने परत घेतलं नाही. दाजी त्याला पहिल्या हाकेत ओ द्यायला शिकले.

रेकॉर्ड निघाली. कव्हरवर त्यांचं नाव तळहाताएवढं. मग त्या मुलीचा फोन आला की तीन आठवड्यांचा दौरा जमतोय, रोज नवं गाव, आणि उत्तर लगेच हवंय. मी तेव्हा ताईकडेच बसलो होतो. ताई पलीकडे विणत होती, नव्या सुया, नातवासाठी काहीतरी. दाजी फोनवर म्हणाले की थोड्या वेळाने सांगतो. फोन ठेवून ते ताईसमोर जाऊन उभे राहिले.

"तीन आठवडे बोलवतायत," ते म्हणाले. "मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला विचारायला आलोय."

ताईने वर पाहिलं आणि टाके मोजत राहिली. ओळ पुरी केली. उलटी ओळ घेतली, तीही पुरी केली. दाजी हात मागे बांधून उभे. त्यांचे गुडघे दुखतात हे तिला ठाऊक आहे. मी आयुष्यात इतकी लांब ओळ पाहिलेली नाही.

"दोन आठवडे," ती शेवटी म्हणाली. "आणि मी बरोबर येणार. पेटीचं बघायला माणूस लागेलच."

दाजी इतक्या घाईने हो म्हणाले की त्यांना ठसका लागला. ते फोन करायला आत गेल्यावर मला राहवलं नाही. मी ताईला म्हणालो, चौतीस वर्षांपूर्वी एवढंच विचारलं असतं तर तू सुई घातली नसतीस, आणि दाजी अजून नाचाच्या हॉलमध्ये स्वच्छ वाजवत बसले असते.

"तेच तर," ताई म्हणाली. "म्हणून तर राग जात नाही."

आणि तिने मला आतून मोठी बॅग काढायला सांगितली.